रंगाचा रकाना भरण्याआधी : जिल्हा परिषदांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक)

विषय : चाचणीच्या निकालावरून शाळांची क्रमवारी लावण्याबाबत

महोदय, महोदया,

संकलित मूल्यमापन दोनचे, म्हणजे वर्षाअखेरच्या चाचणीचे, गुण चॅटबॉटवर भरून झाले की जिल्ह्याच्या ठिकाणी एक एक्सेल तयार होते. शाळेचे नाव, युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), केंद्र (शेजारच्या शाळांचा गट), टक्केवारी आणि शेवटच्या रकान्यात रंग : हिरवा, पिवळा, लाल. वरच्या दहा शाळांचा सत्कार होतो. खालच्यांना "आपल्या शाळेचा निकाल असमाधानकारक असून याबाबत तीन दिवसांत खुलासा सादर करावा" असे पत्र जाते. खुलासाही ठरलेलाच असतो, आणि तो वाचायला कुणाला वेळ नसतो. नव्या सत्राची घंटा होण्याआधी ही यादी पुन्हा निघेल, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत.

एकाच जिल्ह्यातल्या, एकाच अभ्यासक्रमाच्या, एकाच वेतनश्रेणीच्या दोन शाळांत फरक असतो, आणि तो चांगलाच मोठा असतो. त्यावर पांघरूण घालायचा आमचा इरादा नाही. आमचे म्हणणे इतकेच की तुमच्या यादीत दिसतो तो फरक बहुतेक वेळा दुसराच असतो. वर्गात मुले किती, गुरुजी किती, चाचणीला कोण बसले आणि पेपर कुणी घेतला, या चार गोष्टी त्या टक्केवारीत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या काढल्या की उरते ते शिकवणे. त्या उरलेल्यावर जाब जरूर विचारा.

आधी मुलांच्या संख्येचे. वाडीवरच्या शाळेत तिसरीला सहा मुले असतील तर एक मूल म्हणजे जवळजवळ १७ टक्के. एकाला त्या दिवशी ताप आला की शाळा हिरव्यातून पिवळ्यात. समजा, जिल्ह्यात अशा ४०० शाळा आहेत, प्रत्येकीत तिसरीला सहाच मुले. समजा, सगळीकडे शिकवणे अगदी एकसारखे आहे आणि कुठलेही मूल घेतले तरी ते अपेक्षित पातळीवर असण्याची शक्यता ६० टक्के आहे. आता निव्वळ योगायोगाने काय होते ते कागदावर मांडून पाहा. सुमारे १९ शाळांत सहाच्या सहा मुले पातळीवर येतील. सुमारे १६ शाळांत एखादेच येईल किंवा एकही नाही. शिकवण्यात तसूभर फरक नसताना १९ जणांना नारळ-शाल आणि १६ जणांना नोटीस! चाळीस मुलांच्या वर्गात असे टोकाचे आकडे योगायोगाने येत नाहीत, म्हणून मोठ्या गावांतल्या शाळा यादीच्या पोटात राहतात आणि दोन्ही टोकांना छोट्या शाळांची दाटी होते. पुढच्या वर्षी ती टोके उलटीपालटी होतात. लाल शाळा पिवळी झाली की श्रेय खुलाशाच्या पत्राला मिळते, ही त्यातली गंमत.

उपाय सोपा आहे आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. ज्या वर्गात दहापेक्षा कमी मुले आहेत तिथे टक्केवारी लिहूच नका, "६ पैकी ४" असे लिहा. त्या शाळांचे तीन वर्षांचे आकडे एकत्र करा. सहाची अठरा मुले होतात आणि योगायोगाचा झोका २० टक्क्यांवरून १२ टक्क्यांच्या आसपास येतो. तरीही तो मोठाच आहे. म्हणून अशा शाळांबद्दल निष्कर्ष काढायचा तर प्रत्यक्ष वर्गात बसून काढा.

आता शिक्षकांच्या संख्येकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असा हिशेब आहे. ६० पट असेल तर एका शिक्षकामागे ३० मुले, ६१ झाला की २० च. एका दाखल्याने दोन शेजारी शाळांचे चित्र पालटते. त्यात संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदे ते ठरवणे, ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि तीही आधार वैध झालेल्या मुलांवर. आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरे, जन्मतारखेत घोळ, बोटांचे ठसे उमटत नाहीत, अशी मुले वर्गात रोज बसतात पण मोजणीत नसतात. ती कुठल्या वस्त्यांतली असतात हे सांगायला नको. शाळेचे पद तिथेच जाते.

त्याहून मोठा फरक रिक्त पदांचा. कायद्याच्या कलम २६ मध्ये रिक्त पदांची १० टक्क्यांची मर्यादा शाळेसाठी आहे, जिल्ह्यासाठी नव्हे. दोन शिक्षकी शाळेत एक पद रिकामे म्हणजे ५० टक्के. म्हणजे कायदा शब्दशः पाळायचा तर नऊ पदांपर्यंतच्या शाळेत एकही जागा रिकामी ठेवता येत नाही. आपण काय करतो? ऑनलाइन बदल्यांच्या वेळी समानीकरण करतो. रिक्त जागा तालुक्या-तालुक्यांत सारख्या वाटल्या की काम झाले असे मानतो. पण तालुक्यात १२ टक्के रिक्त हा आकडा आठ शिक्षकी शाळेत एक जागा रिकामी ठेवूनही येतो आणि चार दोन-शिक्षकी शाळांतली एक शाळा एकशिक्षकी करूनही येतो. पहिल्या शाळेत सातजण ओढून नेतात. दुसऱ्या शाळेत एक माणूस पहिली ते चौथी, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती सांभाळतो. समानीकरणाच्या अनिवार्य रिक्त जागा ठरवताना त्या आधी पाच आणि त्याहून जास्त शिक्षकांच्या शाळांतून घ्या, मगच छोट्या शाळांकडे या. या एका बदलाने खालच्या टोकाच्या कित्येक शाळा वर येतील, एकही नवे पद न भरता.

अवघड क्षेत्राची, म्हणजे दुर्गम म्हणून जाहीर केलेल्या गावांतल्या शाळांची, गोष्ट वेगळी. तिथे काम केलेल्या शिक्षकाला बदलीचा अधिकार मिळतो, आणि मिळायलाच हवा. पण एका फेरीत एकाच शाळेतून दोघेही निघाले तर नवे दोघे येतात आणि मुलांची नावेही कुणाला ठाऊक नसतात. ज्या शाळेत वर्षभरात सगळेच शिक्षक बदलले, तिच्या नावापुढे खूण करा. त्या वर्षीचा निकाल नव्या लोकांच्या माथी मारू नका.

आणि "कामगिरी". नाव एका शाळेत, पगार त्याच शाळेतून, काम मात्र तात्पुरत्या आदेशाने दुसऱ्या शाळेत किंवा पंचायत समितीत. यादीत ते पद भरलेले दिसते. म्हणून आम्ही मागतो तो रकाना "मंजूर पदे" किंवा "कार्यरत पदे" असा नाही. तो आहे शिक्षक-दिवस : वर्षभरात किती शिक्षक प्रत्यक्ष किती दिवस वर्गात होते याची बेरीज. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने २०० दिवस आणि ८०० तास लागतात. दोन शिक्षकी शाळेचे ४०० शिक्षक-दिवस व्हायला हवेत. एक पद रिकामे असेल तर २००. राहिलेला शिक्षक बीएलओ (मतदार यादीचे काम करणारा) असेल, प्रशिक्षणाला गेला असेल, बैठकीला गेला असेल, रजेवर असेल आणि असे ३० दिवस गेले, तर उरतात १७०. त्या तीस दिवसांत शाळेला शेजारच्या शाळेचा शिक्षक तरी येतो, नाहीतर स्वयंपाकी ताई मुलांना बसवून ठेवतात. कलम २७ निवडणूक, जनगणना आणि आपत्ती यांनाच मुभा देते. सर्वेक्षणे, मेळावे आणि रोजची "तात्काळ" माहिती त्यात बसत नाही. हा रकाना हजेरीपत्रक आणि हालचाल रजिस्टरवरून केंद्रप्रमुख एका दुपारी भरू शकतात. टक्केवारीशेजारी तो ठेवला की लाल रंगाचा निम्मा अर्थ कळतो.

चाचणीला कोण बसले? बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलला परततात. पट ३० सप्टेंबरचा, चाचणी एप्रिलची, आणि मधले शिकणे फडावर. हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झाले तर मूल गावात राहते. मंजुरी डिसेंबरात आली तर टोळी केव्हाच गेलेली असते. अशा शाळेत टक्केवारी काढायची कशी? हजर मुलांवर काढली तर कच्चे मूल त्या दिवशी घरी राहिले की निकाल वर जातो, आणि ते घरी राहील याची काळजी घेणारेही असतात. पटावरच्या सगळ्या मुलांवर काढली तर स्थलांतराच्या गावाला उगीच शिक्षा. म्हणून तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापा : पटावर ४०, चाचणीला २२, त्यांपैकी पातळीवर १३. तीन आकडे दिसले की प्रश्न आपोआप योग्य माणसाकडे जातो. १८ मुले कुठे गेली हा प्रश्न तिसरीच्या बाईंचा नाही, वसतिगृहाची फाइल ज्याच्या टेबलावर होती त्याचा आहे.

भाषेचेही तसेच. अमरावती जिल्ह्यात धारणीच्या पाड्यावरचे मूल पहिलीत येते तेव्हा घरी कोरकू बोलते, आणि मराठी त्याला शाळेतच भेटते. त्याची तुलना अचलपूर शहरालगतच्या शाळेशी करून काय हाती लागणार? धडगाव-अक्कलकुव्यातली पावरी आणि भिली, भामरागडची माडिया, जव्हार-तलासरीची वारली, तांड्यांवरची गोरमाटी, सगळीकडे हाच प्रकार. धारणीची शाळा धारणीच्या शाळेशेजारी ठेवा. तिथेही फरक दिसेलच, आणि तो खरा असेल. ज्या शिक्षकाला दीड-दोनशे कोरकू शब्द येतात त्याचा पहिलीचा वर्ग दिवाळीपर्यंत बोलायला लागतो.

आता पेपर घेण्याची पद्धत. आज बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकच पेपर घेतो, तोच तपासतो, तोंडीचे गुण तोच देतो आणि तोच भरतो. मग त्याच आकड्यावरून त्याला नोटीस जाते. कुणीही माणूस अशा वेळी काय करील? आकडे स्वतःच बोलतात, फक्त बघायला हवे. तोंडीत पैकीच्या पैकी आणि लेखीत शून्याजवळ अशी मुले ओळीने. उत्तीर्णाच्या रेषेवर किंवा तिच्या एक गुण वर गर्दी, एक गुण खाली कुणीच नाही. एका बाकावरच्या चौघांची चुकीची उत्तरेही सारखी. अशा शाळा हिरव्या रंगात सुखाने नांदतात, आणि प्रामाणिकपणे तपासणारा शेजारी लालमध्ये जातो. यादीचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. दुसऱ्या वर्षी तोही शिकतो.

चाचणीला शिक्षकांची अदलाबदल करा, पण केंद्राबाहेर. केंद्राच्या आत केली तर "तू माझा वर्ग सांभाळ, मी तुझा सांभाळतो" एवढेच होते. सगळ्या शाळांत जमत नसेल तर दरवर्षी दहातली एक शाळा चिठ्ठीने काढा. तिथे विस्तार अधिकाऱ्यांनी तिसरीच्या दहा मुलांकडून (कमी असतील तर सगळ्यांकडून) न वाचलेला एक उतारा मिनिटभर वाचून घ्यावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजावेत. निपुण भारतचे (पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्र सरकारच्या मोहिमेचे) लक्ष्य दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीला किमान ६० शब्दांचे आहे. इथे दोन खाचखळगे आहेत. पाठ्यपुस्तकातला उतारा दिला तर मूल पाठ केलेला म्हणून दाखवते, पान उलटे धरले तरी. आणि मराठीत "तो घरी गेला" हेही तीन शब्द आणि "शेजाऱ्यांच्या गोठ्यापाठीमागच्या विहिरीपाशी" हेही तीनच शब्द. म्हणून जिल्हाभर एकच उतारा हवा आणि वाचून झाल्यावर अर्थाचे दोन प्रश्न हवेत. हे निकाल लेखी गुणांशेजारी ठेवले की कुठल्या केंद्राच्या टक्केवारीवर विसंबायचे ते कळेल. अंतर सापडले तर लगेच कारवाई नको. पहिल्या वर्षी फक्त आकडा दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या वर्षी खरे कुणी सांगणार नाही.

इतके सगळे बाजूला काढल्यावरही फरक उरतो. पट सारखा, शिक्षक-दिवस सारखे, वस्ती सारखी, आणि एका शाळेत चौथीतली मुले गोष्ट वाचतात, दुसरीत अडखळतात. इथे मात्र शिक्षकांनी परिस्थितीकडे बोट दाखवू नये. हा फरक चौथीत दिसतो, पडतो मात्र पहिली-दुसरीत. शाळेतला सर्वांत पक्का शिक्षक पहिलीला दिला आहे का, हे आधी विचारा. बऱ्याच शाळांत उलटे असते. मुख्याध्यापक वरचा वर्ग घेतात, कारण शिष्यवृत्ती आणि नवोदयची नावे फलकावर लागतात. पहिली मिळते सर्वांत नव्या माणसाला.

वर्गात काय चालते तेही बघा. एका वर्गात क पासून ज्ञ पर्यंत मुळाक्षरे घोकली जातात, फळ्यावरचे वहीत सुवाच्य उतरते, वह्या तपासणीला देखण्या दिसतात. वही झाकून त्यातलाच शब्द फळ्यावर लिहिला की मूल गप्प. दुसऱ्या वर्गात म, क, न, र, ल एवढी पाच अक्षरे आणि एक काना घेतला आहे. तेवढ्यावरच मका, नाक, कान, लाल, राम, कमान, नकार असे शब्द मुले स्वतः जुळवतात, आणि पुढचे अक्षर येण्याआधी वाचू लागतात. वह्या गिचमिड असतात. भेट देणाऱ्या साहेबांना पहिला वर्ग आवडतो. जोडाक्षरांशी तर खरी परीक्षा होते. "सूर्य"चा "सूय" आणि "प्रकाश"चा "पकाश" दुसरीच्या शेवटी ऐकू आला तर तो तिथेच थांबून दुरुस्त करायचा असतो. पुढे पाठ्यपुस्तक थांबत नाही.

गणितात एकच उदाहरण पुरे. ५२ वजा २७. तिसरीच्या २० पेपरांत १४ मुलांनी ३५ लिहिले असेल तर काय झाले? प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले : पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. या मुलांना वजाबाकी येते, दशक सोडवणे येत नाही. दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन, एक गठ्ठा सोडायला लावून आठवडाभर काम केले की यातली बहुतेक मार्गी लागतात. दुसऱ्या शाळेत तेच २० पेपर कोरे असतील, किंवा ७९, ४१, ५२७ अशी वाटेल ती उत्तरे असतील, तर तिथे संख्याच समजलेली नाही आणि काम काही महिन्यांचे आहे. तुमच्या एक्सेलमध्ये दोन्हीकडच्या या मुलांना या प्रश्नावर शून्यच आहे. गुण वर जातात, चुकीचे उत्तर वर जात नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून दाखवण्यापेक्षा प्रत्येक शाळेने अशा चुकीचे पाच पेपर आणावेत आणि तासभर त्यावरच बोलावे.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे (बीट म्हणजे काही केंद्रांचा गट) नाव राज्यभर झाले, २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात तर तिथे बघायला येणाऱ्यांची रांग लागली. तिथे घ्यायचे होते ते हे की एकाच नावाजलेल्या शाळेऐवजी सगळ्या बीटातल्या शाळांनी पहिलीपासून मिळून काम केले. बहुतेकांनी नेले काय, तर फरशीवर रंगवलेले तक्ते. पाठोपाठ आयएसओच्या पाट्या आणि बोलक्या भिंती आल्या. ३० पटापर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेचे संयुक्त अनुदान वर्षाला १०,००० रुपये, ३१ पट झाला की २५,०००. त्यातून वीजबिल भागवायचे की भिंत बोलती करायची, हे एकदा शाळेवर सोडा.

तेव्हा यंदा यादी काढायचीच असेल तर ती तालुक्यातल्या सारख्या पटाच्या, सारख्या वस्तीच्या दहा-बारा शाळांच्या गटांत काढा आणि त्यात एवढे रकाने ठेवा : ३० सप्टेंबरचा पट, आधार अवैध मुले, चाचणीला बसलेली मुले, पातळीवर आलेली मुले (संख्येत), तीन वर्षांची बेरीज, मंजूर पदे, शिक्षक-दिवस, वर्षात बदललेले शिक्षक, पहिलीच्या शिक्षकाची त्या शाळेतली वर्षे, आणि पेपर बाहेरच्या केंद्राने घेतला की नाही. शेवटचा रकाना भेटीचा : गटात तळाला असलेल्या शाळेत केंद्रप्रमुख सलग दोन दिवस बसले, त्या तारखा. केंद्रप्रमुखाचे पद रिकामे असेल तर तसे लिहा. कित्येक केंद्रांत ते रिकामेच आहे आणि एकाच माणसाकडे दोन-तीन केंद्रांचा पदभार आहे. सत्राच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी झाली की तीच मुले सरल आयडीवरून (मुलाच्या ऑनलाइन नोंदणी क्रमांकावरून) जोडून एप्रिलमध्ये पुन्हा बघा, म्हणजे शाळेने वर्षभरात किती पुढे नेले ते दिसेल. आले तेव्हा कुठे होते ते सोडून नुसते पोहोचले कुठे एवढेच बघण्याची सवय सुटेल.

हा नमुना ए-फोर कागदावर आडवा बसतो. आम्ही तो मांडून पाहिला आहे. त्यात रंगासाठी जागा उरत नाही.

कळावे,
जिल्हा परिषद शाळांतले काही शिक्षक, मुख्याध्यापक आणि निवृत्त केंद्रप्रमुख